कुलाब्याचे आरसे आणि राखेतले सिलिकॉन

आरशांनी एकवटलेल्या उन्हाच्या बळावर ज्वालामुखीच्या राखेतून सिलिकॉन, म्हणजे सौरपट्ट्यांचा कच्चा माल, काढण्याची कल्पना नवी वाटली, तरी तिच्यातील आरशांचा इतिहास मुंबईतूनही जातो. १८७० च्या दशकात येथे डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी कुलाब्यातील आपल्या आवारात १७ बाय १० इंचांचे ७२ सपाट आरसे चौकटींवर बसवून त्यांचे ऊन एका बॉयलरवर पाडले, त्यावर अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन चालवले आणि १८७८ मध्ये हा प्रयोग पुस्तकरूपाने मांडला. एक अवाढव्य वक्र आरसा घडवण्याऐवजी पुष्कळ साधे आरसे एकाच ठिकाणी रोखायचे, हे त्यांचे तत्त्व आजच्या सौर मनोऱ्यांत, म्हणजे मनोऱ्याच्या टोकावर ऊन रोखून वीज बनवणाऱ्या केंद्रांत, दिसते. मुंबईला या माणसाची आठवण असायला हवी होती. फ्रान्समधील ओदेयो येथे १९७० च्या सुमारास सुरू झालेल्या सौरभट्टीत ६३ फिरते आरसे एका विशाल अंतर्गोल आरशावर ऊन टाकतात आणि ३,००० अंश सेल्सिअसच्या पुढचे तापमान मिळते.

म्हणजे उष्णता हा अडसर उरलेला नाही. अडचण आहे ती सिलिकात, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगात, सिलिकॉनने घट्ट धरून ठेवलेल्या ऑक्सिजनची. १८२४ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी सिलिकॉन वेगळे केले ते पोटॅशियम वापरून. आजच्या कारखान्यांत गारगोटी आणि कोळसा विजेच्या भट्टीत सुमारे २,००० अंशांवर तापवतात, कोळशातील कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो आणि किलोमागे ११ ते १३ युनिट वीज खर्ची पडते. आरशांनी वाचवायची ती ही वीज. कार्बन मात्र लागतोच.

राखच का, याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठी मिळते. तेथील राखेचा थर सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा मानला जातो. चिमूटभर राख सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की फुटलेल्या बुडबुड्यांच्या वक्र काचकपच्या दिसतात. अशा राखेत ७० टक्क्यांहून अधिक सिलिका असते आणि ती निसर्गानेच दळून ठेवलेली असते. मुंबईच्या काळ्या कातळात सिलिका निम्म्याच्या आसपास असून लोह भरपूर आहे, त्यामुळे तो या कामी फारसा उपयोगाचा नाही.

मात्र राखेतही लोह आणि अ‍ॅल्युमिनियम असतेच. भट्टीत लोह सिलिकॉनशी मिसळून फेरोसिलिकॉन हा मिश्रधातू बनतो. तो पोलादाच्या कामाचा, सौरपट्टीच्या नव्हे. त्यामुळे आरशांसमोर नेण्याआधी राखेतले लोह आम्लाने शक्य तितके काढावे लागते, आणि भट्टीतून निघालेले सिलिकॉन पुन्हा शुद्ध करावे लागते ते वेगळेच.