सर्व्हरच्या पंचमंडळाची निवडणूक: मतदार नोंदणी, उमेदवारी अर्ज आणि लागणारे कागद

आमचा माइनक्राफ्टचा (ठोकळ्यांनी जग बांधायचा ऑनलाइन खेळ) सर्व्हर कोथरूडच्या चार पोरांनी लॉकडाउनमध्ये सुरू केला. आता पिंपरी-चिंचवडपासून साताऱ्यापर्यंतची मंडळी त्यावर खेळतात. जमिनीच्या वाटपापासून चोरीच्या तक्रारींपर्यंत सगळा कारभार पाच जणांचं निवडून आलेलं पंचमंडळ बघतं. मागच्या दोन्ही निवडणुकांत निवडणूक निर्णय अधिकारी मी होतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या मीच खाल्ल्या. या वेळी नियम नव्याने लिहिले आहेत. ही माहिती आमच्या मतदारांसाठी आहे, पण दुसऱ्या कुणाला आपल्या सर्व्हरवर निवडणूक घ्यायची असेल तर खुशाल उचला.

नियम ठरवायला बसलं की सगळे मतमोजणीवरून भांडतात. मतदार यादीकडे कुणी बघत नाही आणि निवडणूक तिथेच हातची जाते.

मतदार कोण

विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथे जुनी यादी पुढे चालत नाही. दर निवडणुकीला ती नव्याने होते, नमुना १८ भरावा लागतो आणि १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या (पात्रता ज्या तारखेला मोजतात त्या दिवसाच्या) किमान ३ वर्षं आधी पदवी मिळालेली असावी लागते. आम्हीही तेच केलं. मागच्या यादीत नाव होतं म्हणून या वेळी आपोआप येणार नाही. प्रत्येकाने नव्याने अर्ज करायचा.

अट अशी: अर्हता दिनांकाआधीच्या ६० दिवसांत किमान १० तास खेळलेलं असावं, आणि तेही किमान ८ वेगवेगळ्या दिवशी. आठ दिवसांची अट कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. सर्व्हर प्रत्येक खेळाडूचा वेळ टिकमध्ये मोजतो. सेकंदाला २० टिक, म्हणजे तासाला ७२,०००. पण तुम्ही खेळत होता की आयडी शेतात उभा करून जेवायला गेला होता, हे त्या आकड्यात कळत नाही. रात्रभर आयडी उभा ठेवला की सकाळी १० तास भरतात. शिवाय हा आकडा पहिल्या दिवसापासूनचा एकूण असतो. शेवटच्या ६० दिवसांचा हिशोब हवा असेल तर ६० दिवस आधी त्या फाइलींची एक प्रत काढून ठेवावी लागते. आम्ही ती काढली आहे. ज्यांना निवडणूक घ्यायची आहे त्यांनी आजच काढा, नंतर ती मिळत नाही.

यादीत नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे खात्याचा कायमचा क्रमांक, नोंदवायचा. खेळाडूला ३० दिवसांनी नाव बदलता येतं, यूयूआयडी तोच राहतो. मागच्या वेळी एकाने अर्ज केल्यावर नाव बदललं आणि नव्या नावाने पुन्हा अर्ज केला. ती यादी नावांची असल्यामुळे दोन्ही मंजूर झाले. चूक माझीच. मात्र ज्या सर्व्हरची ऑनलाइन पडताळणी बंद आहे, तिथे यूयूआयडी नावावरूनच तयार होतो आणि त्याचा काही उपयोग नाही. अशा ठिकाणी आधी पासवर्डची सोय करा, मग निवडणुकीचं बोला.

आता अल्टचा प्रश्न, म्हणजे एकाच माणसाचे दोन आयडी. काही जण लॅपटॉपवरून एका आयडीने आणि मोबाइलवरून दुसऱ्या आयडीने येतात. त्यात चूक काही नाही, फक्त अर्जात दोन्ही लिहा, मत एकच. लपवलेला दुसरा आयडी सापडला तर दोन्ही बाद. पण ‘आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) सारखा आहे, म्हणून माणूस एकच’ ही हरकत या वेळी मान्य होणार नाही. मोबाइल इंटरनेटवर अनेक ग्राहक एकाच आयपीमागे असतात. सदाशिव पेठेतल्या एका कॉट बेसिसच्या खोलीतून आमचे चार खेळाडू एकाच वाय-फायवर खेळतात, आणि चौघेही खरे आहेत. आयपी जुळला तर संशय घ्या, पण निकाल देण्याआधी दोघांना एकाच वेळी व्हॉइसवर बोलवा. दोन गळे ऐकू आले की हरकत संपली.

मतदार नोंदणीसाठी कागद म्हणाल तर काहीच नाही: आयडी, डिस्कॉर्डचं (आम्ही गप्पा मारतो ते ॲप) खातं आणि दुसरा आयडी असल्यास त्याची कबुली. आधार कार्ड कुणीही मागणार नाही, कुणी मागितलं तर देऊ नका. आमचे निम्मे खेळाडू शाळेत आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पंधरा वर्षांच्या पोराच्या आधारचा फोटो माझ्या फोनमध्ये असण्याचं काही कारण नाही.

प्रारूप यादी लागली की ४ दिवस हरकती. त्यानंतर अंतिम यादी गोठवली जाईल आणि तिला कुणीही हात लावणार नाही, मीसुद्धा.

उमेदवारी अर्ज

उमेदवाराचं नाव अंतिम यादीत हवंच. त्याशिवाय एक सूचक आणि एक अनुमोदक, दोघेही मतदार. एका मतदाराला एकाच अर्जावर सही करता येते. मागच्या सहा महिन्यांत ग्रीफिंगसाठी, म्हणजे दुसऱ्याचं बांधकाम मुद्दाम मोडल्यामुळे, बॅन झालेला चालणार नाही. खजिन्याची थकबाकी नसल्याचा दाखला लागेल. गृहनिर्माण सोसायटीत थकबाकीदाराला कमिटीवर येऊ देत नाहीत, तसंच. अनामत १६ हिरे. खरे पैसे नाहीत, यूपीआय नाही. पहिल्या पसंतीची ४ मतंही पडली नाहीत तर हिरे खजिन्यात जमा होतील.

अर्ज खेळातल्या वहीत लिहून सही करून द्यायचा. सही केली की लेखक म्हणून तुमचं नाव वहीवर उमटतं आणि मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे ‘हे मी लिहिलंच नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. अठरा वर्षांखालच्या उमेदवाराच्या आई किंवा वडिलांनी मला एक फोन करायचा, एवढंच. मागच्या वेळी एका काकूंनी पंधरा मिनिटं माझीच उलटतपासणी घेतली. बरंच झालं.

छाननीत अर्ज बाद झाला तर कारण लेखी मिळेल आणि दुरुस्तीला एक दिवस. माघार त्यानंतर दोन दिवसांत. निशाणी म्हणून ठोकळा निवडायचा. क्रीपर या खेळातल्या राक्षसाचं डोकं या वेळी कुणालाच नाही, मागच्या वेळी तिघं त्यावरून भांडले.

मत कसं द्यायचं, मोजायचं कसं

डिस्कॉर्डवर मतदान घ्या, असं दरवेळी कुणीतरी सुचवतं. तिथल्या मतदानात कुणी काय निवडलं हे सगळ्यांना दिसतं. गटाचा म्होरक्या बघत असताना कोण मनासारखं मत देईल? म्हणून मतदान खेळातच, स्पॉनजवळच्या (खेळाडू जगात प्रथम उतरतो त्या जागेजवळच्या) खोलीत, एकेकाला आत सोडून. मी कोरी वही देईन. तिच्यात निशाण्या पसंतीक्रमाने लिहा आणि सही न करता हॉपरमध्ये, म्हणजे पेटीला जोडलेल्या नरसाळ्यात, टाका. अर्जावर सही लागते, मतपत्रिकेवर केली तर नाव उमटतं आणि मत बाद होतं. दर निवडणुकीत दोन-तीन जण हे उलटं करतातच.

मागच्या वेळी ६४ जणांना वह्या दिल्या आणि पेटीत निघाल्या ५९. लिहिलेल्या वह्या एकावर एक बसत नाहीत. मोठ्या पेटीत जागा ५४, हॉपरमध्ये ५. पुढच्या पाच वह्या जमिनीवर पडून राहिल्या आणि ५ मिनिटांनी नाहीशा झाल्या. मी दारात रांग सांभाळत होतो. फेरमतदान घ्यावं लागलं. आता एका पेटीखाली हॉपर लावून दुसरी पेटी जोडली आहे, आणि दिलेल्या व निघालेल्या वह्यांची संख्या जुळल्याशिवाय मोजणी सुरू होणार नाही. वह्या आलेल्या क्रमानेच पेटीत बसतात, म्हणून मोजण्याआधी त्या दोन मतदारांच्या समोर मिसळायच्या.

मोजणी एकल संक्रमणीय मताने. पदवीधर मतदारसंघात मतपत्रिकेवर १, २, ३ लिहितात, तोच पसंतीक्रम. फक्त आमच्याकडे जागा एक नसून पाच आहेत. ईव्ह ऑनलाइन या खेळात २००८ पासून खेळाडूंनी निवडलेलं सल्लागार मंडळ आहे, तिथेही २०१३ पासून हीच पद्धत वापरतात. कारण साधं आहे. समजा ७२ वैध मतं आहेत आणि एका टोळीची ४० माणसं आहेत. प्रत्येकाला पाच मतं दिली तर पाचही जागा त्या टोळीच्या. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात अख्खं पॅनेल निवडून येतं ते असंच. पसंतीक्रमात कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, अशी निघतात: ७२ ला ६ ने (पाच जागा अधिक एक) भागून त्यात १ मिळवा, म्हणजे १३. चाळिसांना ३ जागा मिळतात आणि उरलेले ३२ एकत्र राहिले तर त्यांना २. जिंकलेल्याची जास्तीची मतं आणि सगळ्यात मागे असलेल्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. तो हिशोब तक्त्यात सगळ्यांना बघायला मिळेल. शेवटी बरोबरी झालीच तर ड्रॉपरमध्ये (वस्तू बाहेर टाकणाऱ्या ठोकळ्यात) दोन रंगांची लोकर टाकून सगळ्यांसमोर बटण दाबायचं. आधी कुठली बाहेर येईल ते ड्रॉपरच ठरवतो.

मतदान रविवारी आहे. गुरुवार मुद्दाम टाळला. आमच्या भागात वीज जाते ती गुरुवारीच.

ॲडमिनबद्दलही लिहून घेतलंय. सर्व्हरचं भाडं मालक भरतो, एका कमांडने तो सगळं उलटवू शकतो. म्हणून पंचमंडळाच्या कोणत्या निर्णयांना तो हात लावणार नाही, हे त्याने अर्ज सुटण्याआधी सही केलेल्या वहीत दिलं आहे. मतदानाच्या दिवशी सगळ्या ॲडमिनचे अधिकार काढले जातील, कारण खेळातल्या प्रेक्षक मोडमध्ये जाऊन त्यांना पेटीत डोकावता येतं. मंडळाची मुदत सहा महिने, वाढवून मिळणार नाही; मुदत संपण्याच्या २० दिवस आधी पुढचा कार्यक्रम लागलाच पाहिजे. पुणे महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर थेट २०२६ मध्ये झाली आणि मधे जवळपास चार वर्षं प्रशासक होता. प्रशासक म्हणजे ॲडमिनच.

निकालावर हरकत ३ दिवसांत, लेखी, कोणत्या वहीबद्दल किंवा कोणत्या फेरीबद्दल ते नमूद करून. ‘गडबड झाली’ एवढंच लिहिलेला अर्ज घेणार नाही. हरकतींचा निकाल लागेपर्यंत पेटीला कुलूप, आणि मग सगळ्या वह्या स्पॉनमागच्या लाव्हात. बघायला कुणीही यावं.