कामाच्या ठिकाणची कृत्रिम बुद्धिमत्ता : नियमन व कामगार संरक्षण (सोलापूर)

कामगार निवडणे, काम वाटणे, नजर ठेवणे, मालाची प्रत ठरवणे, मजुरी कापणे किंवा कामावरून काढणे हे निर्णय संगणकप्रणालीवर सोपवले जातात, तेव्हा कामगाराचे हक्क राखण्यासाठी केलेल्या नियमांचा या नोंदीत विचार केला आहे.

सोलापुरातील विडी व यंत्रमाग धंद्यांत बहुतेक मजुरी नगावर ठरते, म्हणून माल तपासणाऱ्याच्या निर्णयाला येथे फार वजन आहे. विडी कामगार महिला घरी वळलेल्या विड्या कारखान्यात आणतात. तपासनीस जुडी हातात घेऊन जाडी, भरणी, तोंड पाहतो आणि न पटलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. छाट आणि तिची मजुरी यांवरून वाद ठरलेलेच. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याच्या कलम ३९ ने असे वाद झटपट मिटवण्यासाठी स्वतंत्र प्राधिकाऱ्याची तरतूद केली होती. कापडातील दोष टिपणारे कॅमेरे आता वस्त्रोद्योगात आले आहेत. असा कॅमेरा टॉवेल नापास करील, तेव्हा यंत्रमाग कामगाराने दाद कोणाकडे मागायची? नियमनाचा खरा कस येथेच लागतो.

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आला. नोकरभरती व कामगार व्यवस्थापनातील प्रणाली त्याने ‘उच्च जोखमीच्या’ ठरवल्या. कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून भावना ओळखण्यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी आहे.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नोकरीशी निगडित काही कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा मालकाला दिली. कामगाराच्या बाजूने पाहता ही मोठी उणीव आहे. औद्योगिक संबंध संहितेतील (अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून) एक जुनी तरतूद मात्र उपयोगी पडू शकते : कामगारकपात होण्याची शक्यता असलेला यंत्रातील वा तंत्रातील बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी (ॲपवरून सुटी कामे मिळणाऱ्यांसाठी) स्वयंचलित निर्णयांत पारदर्शकता बंधनकारक केली. सोलापुरात घरपोच सेवा देणाऱ्या मुलांची ‘आयडी बंद’ होते, म्हणजे ॲपवरचे खाते बंद होऊन काम थांबते; त्यांना अशा कायद्याची तातडीने गरज आहे.

कामगार संघटनांनी करारात अशा निर्णयाचे लेखी कारण आणि माणसाकडून फेरतपासणी यांचा आग्रह धरायला हवा. येथील विडी व यंत्रमाग कामगारांत तेलुगू भाषक पद्मशाली (विणकर समाज) मोठ्या संख्येने आहेत. म्हणून ते कारण मराठीबरोबर तेलुगूतही मिळाले पाहिजे.