आइस्क्रीमचा कोन आणि लंगोटीचा वाद: सेंट लुईस, १९०४

आइस्क्रीमचा कोन कुठे जन्मला, असं विचारलं की हटकून अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या १९०४ सालच्या जागतिक प्रदर्शनाचं नाव निघतं. गोष्ट अशी सांगतात: सीरियातून आलेला अर्नेस्ट हामवी तिथे ‘झलाबिया’ विकत होता. आपल्या जिलबीचं नाव याच शब्दावरून आलं, पण हा पदार्थ वेगळा, पातळ पापडासारखा. शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या वाट्या संपल्या, तेव्हा हामवीने गरम झलाबिया गुंडाळून शंकू केला आणि त्यात आइस्क्रीम भरून दिलं. मात्र त्याच प्रदर्शनातल्या आणखी काही विक्रेत्यांनीही हाच दावा केला. शिवाय खाता येणाऱ्या वाट्यांच्या साच्याचं पेटंट न्यूयॉर्कच्या इटालो मार्किओनीला १९०३च्या डिसेंबरातच मिळालं होतं. बर्फाच्या चहाचा शोधही इथलाच म्हणतात. पण त्याची कृती अमेरिकी पाकपुस्तकांत १८७०च्या दशकातच छापलेली सापडते. सात महिन्यांत जवळपास दोन कोटी भेटी नोंदल्या गेल्या आणि या पदार्थांची चटक गावोगाव पसरली, एवढं श्रेय मात्र प्रदर्शनाला द्यायलाच हवं.

मला स्वतःला यापेक्षा मोलाचा वाटतो तो तिथला ४७ एकरांवरचा फिलिपिनी विभाग. अमेरिकेने १८९८ साली स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन फिलिपाइन्स घेतलं आणि मग तिथल्याच लोकांशी युद्ध केलं. ही सत्ता योग्य आहे, हे आपल्या जनतेला पटवण्यासाठी हजाराहून अधिक फिलिपिनी माणसं समुद्रापार आणून वस्त्यांमध्ये ठेवली गेली. कोण किती ‘सुधारलेला’, हे अंगावरच्या कपड्यावरून दाखवायचं होतं. खालच्या पायरीवर लंगोटी नेसलेले इगोरोत, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगरांतले आदिवासी. त्यांच्या वर मधल्या बेटांवरच्या विसाया समाजातल्या बायका. त्यांचं ‘पिन्या’ कापड अननसाच्या पानांचं. पान खरवडून तंतू काढायचा, तंतूला तंतू हाताने गाठ मारून जोडायचा, मग विणायचं, तेव्हा कुठे ते आरपार दिसणारं झिरझिरीत वस्त्र तयार होतं. सगळ्यात वर गणवेशातले फिलिपिनी सैनिक.

गर्दी मात्र इगोरोत वस्तीतच. कुत्र्याचं मांस त्यांच्याकडे विधीच्या वेळी खाल्लं जाई, एरवी भात आणि रताळी. पण पाहणाऱ्यांना तेच बघायचं होतं, म्हणून विधीचं अन्न रोजचा तमाशा झालं. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. माणसाच्या ताटाची याहून वाईट विटंबना कोणती?

मग लंगोटीचा वाद पेटला. नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होती. उघड्या अंगाची ही माणसं पाहून ‘कुठे आहे तुमची सुधारणा?’ असं विरोधक विचारतील, या धास्तीने अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या सरकारने इगोरोतांना चड्ड्या घालायचं ठरवलं. मानववंशशास्त्रज्ञांनी हरकत घेतली, वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रं छापली आणि अखेर लंगोटी कायम राहिली. सगळे बोलले, इगोरोतांना काय हवं, हे विचारण्याची गरज सरकारला वाटली नाही.

वरच्या पायरीचं काय झालं, तेही सांगायला हवं. कडक इस्त्रीच्या गणवेशातले फिलिपिनी सैनिक गोऱ्या शिक्षिकांबरोबर प्रदर्शनात फिरताना दिसले, तेव्हा त्यांना शिव्या आणि मार खावा लागला.