मीठ उडत नाही

गेल्या एप्रिलमध्ये आष्ट्याकडचे माझे मामा सांगलीला घरी आले होते. हॉलमधल्या समुद्री पाण्याच्या काचेच्या टाकीत क्लाऊनफिशची जोडी फिरत होती, मऊ प्रवाळ पूर्ण उमलले होते. मामा त्यांच्याकडे बघत बसतील असं मला वाटलं होतं. पण ते टाकीच्या वरच्या कडेपाशी वाकले, काचेवर जमलेला पांढरा थर नखानं खरवडला, जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "आरं, हे तर आमच्या रानात बी फुटतंय!"

मामांचं दोन एकर रान क्षारपड झालं आहे. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात हे दुखणं घरोघरी माहीत आहे. उसाला पाटानं वारेमाप पाणी दिलं, काळ्या मातीतून निचरा झाला नाही, जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आली. वरून ऊन पाणी ओढून घेत राहिलं आणि त्यातले क्षार मातीतच राहिले. पाणी उडतं, मीठ उडत नाही. घरात समुद्र सांभाळायचा तर पहिल्या दिवसापासून गाठ पडते ती याच गोष्टीशी.

माझी टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तिच्यात साधारण १९० लिटर पाणी मावतं. दगड ठेवल्यावर १७० लिटर उरतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडतं. ते भरून काढलं नाही तर दहा दिवसांत ३५चे ४२ होतात, आणि तेवढ्यात प्रवाळ आकसून मरायला लागतात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालायचं. खारं घातलं तर आपणच आपलं रान क्षारपड केल्यासारखं होतं. नवीन माणूस हमखास चुकतो तो इथेच, कारण "समुद्राच्या टाकीत समुद्राचंच पाणी" हे मनात पक्कं बसलेलं असतं. मी आता एक तरंगता चेंडू असलेला झडप-नळ बसवला आहे, गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच, फक्त छोटा. पातळी बोटभर उतरली की गोडं पाणी आपोआप येतं.

हे गोडं पाणी मात्र बोअरचं चालत नाही. आमच्या विश्रामबागेतल्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर वर्षभरात दगड बसतो. सुरुवातीला मी तेच पाणी वापरलं. त्यातल्या नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेटवर केसांसारखं हिरवं शेवाळ असं माजलं की चार महिने रोज हातानं उपटत होतो. आता आरओ आणि त्यापुढे रेझिनची नळी लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं माप, शून्यावर आणूनच पाणी वापरतो.

मीठही स्वयंपाकघरातलं चालत नाही. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. समुद्रात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम ठरावीक प्रमाणात असतात. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजानं जगभरातून आणलेले पाण्याचे ७७ नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष छापले. खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त भरला, पण या मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण सगळीकडे जवळपास तेच निघालं. म्हणून कारखान्यात क्षार मिसळून केलेलं समुद्री मीठ सांगलीत बसूनही वापरता येतं. आंबा घाट उतरून रत्नागिरीहून कॅन भरून आणायची गरज नाही. पावसाळ्यात तर किनाऱ्यालगतचं पाणी नद्यांमुळे पातळ आणि गढूळ झालेलं असतं. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. तासगावचे बागायतदार द्राक्षाची गोडी बघायला जो वापरतात, त्याचाच हा सख्खा भाऊ. तत्त्व एकच, पट्टी वेगळी. थेंब काचेवर टाका, उजेडाकडे धरा, निळ्या-पांढऱ्याची सीमा बघा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ किंवा १.०२६ आलं की झालं.

मामांनी विचारलेला दुसरा प्रश्न नेमका होता. "एवढ्या उन्हात ह्यांना गार कसं ठेवतोस?"

प्रवाळांना २५ ते २७ अंश मानवतं. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी घरातली फरशीसुद्धा कोमट लागते. चिलर नावाचं यंत्र मिळतं, पण ते महाग आणि वीज खाणारं. माझ्या टाकीवर दोन छोटे पंखे आहेत, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारे. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं हेही होतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. माझ्या टाकीचा हिशेब मांडला तर एक लिटर पाणी उडताना सगळ्या टाकीला ३ अंशांनी खाली आणेल एवढी उष्णता घेऊन जातं. आपला उन्हाळा कोरडा आहे, त्यामुळे ही युक्ती इथे मुंबईपेक्षा जास्त चालते. जून-जुलैत हवा दमट झाली की पंख्यांचा जोर कमी पडतो, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं.

टाकी भरली, मीठ विरघळलं, दगड मांडले की लगेच मासे आणावेसे वाटतात. इथे थांबावं लागतं, चार ते सहा आठवडे. शेजारी विचारत राहतात, "काय हो, मासे कधी येणार?" आणि आपण रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकत असतो. ते खाणं कुजून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले ते मातीतून. मामा रानात युरिया टाकतात तेव्हा त्यातून सुटलेल्या अमोनियाचा नायट्रेट करणारे हेच त्यांचे भाईबंद. समुद्राच्या पाण्यात त्यांची गरज जास्त, कारण पाण्याचा सामू (पीएच) ८.२च्या आसपास असतो. ७ सामूच्या पाण्यात अमोनियाचा जेवढा भाग विषारी रूपात असतो, त्याच्या दहा पटींहून अधिक इथे असतो. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. जिवाणूंची वस्ती दगडांवर बसलेली नसेल तर तो आपल्याच उत्सर्जनानं मरतो. परीक्षानळीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मी एकही मासा आणला नाही. मग काचेवर तपकिरी थर चढतो, नंतर हिरवा. या दिवसांत अनेक जण वैतागून टाकी मोडतात. मोडू नये. वस्ती बसताना हे होतंच.

तयार झालेला नायट्रेट काढायला दर आठवड्याला १७ लिटर पाणी बदलतो. पण खाण्याचे कण, चिकट स्राव हे कुजायच्या आधीच बाहेर काढता आले तर जास्त बरं. त्यासाठी प्रोटीन स्किमर असतो. तो समजावायला गुऱ्हाळासारखं दुसरं उदाहरण नाही. काहिलीत रस तापत आला की भेंडीचा चिकट रस घालतात, घाण वर येते आणि गुळव्या ती मळी झाऱ्यानं काढत राहतो. स्किमरमध्ये उष्णतेऐवजी बारीक बुडबुडे असतात. सेंद्रिय घाणीच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पाण्यापासून पळतं. म्हणून ते बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसाबरोबर वर चढून कपात पडतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून फेस घट्ट बनतो. गोड्या पाण्याच्या टाकीत हे यंत्र जवळपास निकामी आहे. दोन दिवसांनी कप उघडला की काळ्या चहासारखा द्रव निघतो. त्याचा वास एकदा घेतला की हे टाकीत राहिलं असतं तर काय झालं असतं, ते कुणी सांगावं लागत नाही.

प्रवाळांबद्दल बोलण्याआधी कायद्याचं सांगायला हवं, कारण याबाबत दुकानात फारसं कुणी बोलत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत. म्हणजे कायद्यानं त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा पांढरा तुकडासुद्धा शोभेसाठी घरी आणता येत नाही. माझ्या टाकीतले दगड म्हणून भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र आहेत. प्रवाळ आहेत ते सगळे मऊ, म्हणजे मश्रूम आणि लेदर प्रकारचे. कागदपत्रं बघूनच घेतलेले. मासेही पैदास केंद्रातले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे उभं केलं आहे. तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा मागण्याचं कारणच राहिलेलं नाही. आणखी एक, झोअँथिड नावाचे बटणांसारखे प्रवाळ स्वस्तात मिळतात, पण त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात घालू नये, उघड्या हातांनी खरवडू नये.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याचं पोट बहुतांशी उजेडावर भरतं. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. ते साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. बदल्यात त्याला आसरा मिळतो, आणि प्रवाळाच्या उत्सर्जनातलं नत्र मिळतं. पाण्यात लाल उजेड वरच्यावर शोषला जातो, निळा खोलवर जातो. म्हणून या टाक्यांवरचे एलईडी निळसर असतात. ती नुसती हौस नव्हे. पाणी सतत जास्त तापलं की ही भागीदारी तुटते. शैवाल बाहेर पडतं, रंग जातो, प्रवाळ पांढरा पडतो. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त आणि तो काही आठवडे टिकला, एवढं पुरतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं. आपल्याही दाराशी प्रवाळ आहेत: विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक. मागच्या वर्षी माझा एक पंखा बंद पडला आणि चार दिवस टाकी ३० अंशांवर राहिली. लेदर प्रवाळाची फिकट होत गेलेली कड बघताना मला पहिल्यांदा त्या बातम्यांचा अर्थ नीट कळला. समुद्रावर पंखा लावता येत नाही.

सगळ्यात आवडीचं काम रात्री साडेदहाला सुरू होतं. टाकीतलं गुलाबी कोरलाइन शैवाल, गोगलगायी, लेदर प्रवाळाच्या अंगातले सूक्ष्म काटे, सगळे पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात. ते परत द्यायला मी चुन्याची निवळी वापरतो. पानाचा चुना नव्हे, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. एक लिटर आरओच्या पाण्यात दीड ग्रॅम, यापेक्षा फारसा विरघळतच नाही. ढवळून दोन तास ठेवलं की गाळ खाली बसतो, वर काचेसारखं स्वच्छ पाणी राहतं आणि त्यावर दुधासारखी पातळ साय धरते. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटून झालेलं ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शाळेत निवळीत फुंकून पाणी पांढरं करायचो तोच प्रयोग. साय न मोडता खालची निवळी सलाईनच्या नळीनं थेंब-थेंब सोडायची. रात्री सोडण्यालाही कारण आहे. दिवे गेले की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू उतरतो. निवळीचा सामू १२च्या वर. ती तो कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा बायकार्बोनेट करते. घाई केली तर मात्र हीच निवळी सगळं मारू शकते, आणि डोळ्यात उडाली तर डोळाही जाऊ शकतो. चष्मा लावूनच ती करावी. दर रविवारी क्षारता तपासतो, म्हणजे खारटपणा नव्हे, पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण. परीक्षानळीत थेंब मोजत जायचं, निळ्याचा पिवळा झाला की थांबायचं. ८ ते ९ अंश डीकेएच (क्षारतेचं एकक) आलं की आठवडा नीट गेला.

वीज जाते तेव्हा पहिली काळजी प्राणवायूची. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमपेक्षा थोडा जास्त प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात ७पेक्षाही कमी. २०१९च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण वीज नव्हती आणि बॅटरीवरचा हवेचा पंप तेव्हा माझ्याकडे नव्हता. दोन रात्री आम्ही पाळी लावून दर अर्ध्या तासाला तांब्यानं टाकीतलंच पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतत होतो. जोडी जगली. आता पंप आहे, आणि डासांचा फवारा घरात येत नाही, कारण त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माणसाला जेवढी सोसतात तेवढी माशांना आणि कोळंबीला अजिबात सोसत नाहीत.

ही जोडी म्हणजे जन्मतः दोन्ही नर. क्लाऊनफिशमध्ये मोठा आणि वरचढ असतो तो मादी होतो, आणि मादी मेली की तिचा नर मादी बनतो. या सोमवारी त्यांनी दगडाच्या आतल्या अंगाला नारिंगी अंडी घातली. नर दिवसभर पंखांनी वारा घालतो, मेलेलं अंडं तोंडानं उचलून टाकतो. आज अंड्यांत चंदेरी डोळे दिसू लागले आहेत. पिल्लं साधारण आठव्या रात्री, अंधार झाल्यावर बाहेर पडतात आणि डोळ्यांनाही जेमतेम दिसतील असे रोटिफर नावाचे जीव खातात. त्यांची बादली न्हाणीघरात हिरवी झाली आहे. मामांचा सकाळी फोन होता. येत्या सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं ते येतायत, दिवे बंद करायच्या आत.