जुन्या मोटारगाडीच्या चार्जिंग यंत्रणेचे दोषनिदान

इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरलेली ठेवणे आणि दिवे, हॉर्न, इग्निशन यांना वीज पुरवणे हे चार्जिंग यंत्रणेचे काम. बॅटरी वारंवार उतरणे, चार्जिंगचा लाल दिवा न विझणे किंवा उलट बॅटरीतले पाणी भराभर आटणे ही तिच्यातल्या बिघाडाची लक्षणे होत. जुन्या गाडीच्या या यंत्रणेत भाग मोजकेच असतात आणि प्रत्येकाची वेगळी परीक्षा साध्या मल्टिमीटरने घेता येते. तरीही लक्षण दिसताच डायनॅमो (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) उतरवून बदलण्याची घाई फार जण करतात आणि अनेकदा दोष मागे वायरीतच राहतो.

पहिला प्रश्न, गाडीत डायनॅमो आहे की अल्टरनेटर. डायनॅमो थेट एकदिश (डीसी) वीज देतो; अल्टरनेटर उलटसुलट (एसी) वीज तयार करून डायोडांनी, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या भागांनी, ती एकदिश करतो. क्रायस्लर कंपनीने १९६०च्या व्हॅलिअंट गाडीत अल्टरनेटर सरसकट दिला आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकन गाड्यांतून डायनॅमो गेला. ब्रिटिश गाड्यांत तो आणखी काही वर्षे टिकला. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीमध्ये हा बदल १९६७ मध्ये झाला. त्याच वेळी या गाडीचे अर्थिंगही, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडायचे तेही, बदलले. त्याआधीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. त्यामुळे बॅटरीला हात लावण्याआधी कोणते टोक अर्थ आहे ते पाहणे अत्यावश्यक आहे. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी उलटी जोडली, तर त्यातले डायोड क्षणात जळतात.

डायनॅमोचा स्वभाव ओळखला नाही तर निरोगी यंत्रणाही आजारी वाटते. मंद गतीवर, म्हणजे आयडलिंगला, डायनॅमो फारशी वीज देत नाही. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या सी४० या अगदी सर्रास आढळणाऱ्या डायनॅमोची पूर्ण क्षमताच २२ अँपिअर आहे. रात्री हेडलाइट लावून गाडी थांबली की अँमीटरचा (बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा उणे बाजूला झुकतो आणि लाल दिवा मिणमिणतो. हा दोष नव्हे. इंजिनाची गती वाढताच दिवा विझला आणि काटा सरळ झाला, तर यंत्रणा बहुधा ठीक आहे. हा दिवा इग्निशन स्विच आणि डायनॅमो यांच्यामध्ये जोडलेला असतो. दोन्ही बाजूंचा व्होल्टेज समान झाला की तो विझतो. बॅटरीत करंट खरोखर किती जातो आहे, हे त्यावरून कळत नाही.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन वेगात असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. ६ व्होल्टच्या गाड्यांना हे आकडे निम्मे धरावेत. एखादा सेल बसलेली बॅटरी कितीही चार्ज केली तरी उभी राहत नाही, आणि तिचे खापर डायनॅमोवर फुटते.

त्यानंतर फॅन बेल्ट आणि जोड. बेल्ट लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास साधारण १३ मिलिमीटर खाली जावा. ढिला असेल तर घसरतो, अतिताण असेल तर बेअरिंग खातो. जोडांची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. दिवे लावून इंजिन वेगात ठेवावे आणि डायनॅमोचे चौकट व बॅटरीचे अर्थ टोक यांच्यात व्होल्टेज मोजावा. तो ०.२ व्होल्टहून जास्त निघाला तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे. कित्येक दशकांचा गंज आणि पुन्हा रंगवलेल्या सांगाड्यावरचा रंगाचा थर हे या गाड्यांमधले सर्वांत सामान्य दोषी. डायनॅमोचा व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या पेटीचे अर्थही असेच तपासावे, कारण ते तुटले तर रेग्युलेटर अंकुशच ठेवू शकत नाही.

इथवर सगळे ठीक निघाले, तरच डायनॅमोकडे वळावे. लुकास पद्धतीच्या डायनॅमोची डी (तयार झालेली वीज बाहेर देणारे) आणि एफ (फिल्ड, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या कॉइलचे) या टर्मिनलांवरची वायर काढायची, दोन्ही टर्मिनले एका तारेने जोडायची आणि ती तार व डायनॅमोचे चौकट यांच्यात मीटर लावायचा. इंजिन सुरू करून गती हळूहळू वाढवावी. डायनॅमो चांगला असेल तर व्होल्टेज झपाट्याने, न डगमगता चढतो. २० व्होल्टपर्यंत जाण्याआधी थांबावे. काटा अर्धा ते एक व्होल्टवरच रेंगाळला, तर फिल्ड कॉइलवर संशय. चार-पाच व्होल्टवर अडकला, तर आर्मेचरवर, म्हणजे आत फिरणाऱ्या गुंडाळीवर. काहीच दिसले नाही, तर आधी कार्बन (फिरत्या भागातून वीज बाहेर घेणारे ठोकळे) झिजलेत किंवा आपल्या खाचेत अडकलेत का ते बघावे, आणि ते ज्यावर घासतात तो काळवंडलेला कम्युटेटर साफ करावा. डेल्को-रेमी या अमेरिकन कंपनीच्या अनेक डायनॅमोंत फिल्ड रेग्युलेटरमधून अर्थ होतो. तिथे फिल्ड टर्मिनल अर्थला लावून परीक्षा घेतात. एका पद्धतीची परीक्षा दुसरीवर लादू नये.

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या डायनॅमोतले उरलेसुरले चुंबकत्व नाहीसे होते आणि तो वीज निर्माणच करीत नाही. अशा वेळी लुकास डायनॅमोच्या एफ टर्मिनलची वायर काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची तार क्षणभर लावतात. अर्थिंगची दिशा बदलल्यावर ही क्रिया करावीच लागते.

डायनॅमो उत्तीर्ण, पण बॅटरी भरत नाही, तर उरतो रेग्युलेटर. त्याचे संपर्कबिंदू काळे पडतात, खड्डे पडून चिकटतात. स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. मूळ दोष दुसरीकडे असेल तर त्याने बॅटरी उकळते आणि आर्मेचरचे सोल्डर वितळून बाहेर फेकले जाते.

अल्टरनेटरची तपासणी सोपी, पण त्याला जपावे लागते. लाल दिव्याचा बल्बच गेला असेल, तर फिल्डला सुरुवातीचा करंट न मिळाल्याने अनेक अल्टरनेटर वीज देत नाहीत. म्हणून आधी बल्ब बघावा. बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून अधिक एसी व्होल्टेज दिसला, तर डायोड खराब आहे. चालू इंजिनात बॅटरीचे टोक काढून ‘गाडी चालते का’ हे पाहण्याची डायनॅमोच्या काळातली सवय इथे डायोडांचा बळी घेते.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर इंजिन बंद असताना कुठून करंट वाहतो ते शोधावे. अल्टरनेटरमधला शॉर्ट झालेला डायोड किंवा रेग्युलेटरच्या पेटीतला चिकटलेला कटआऊट (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा आपोआप चालणारा स्विच) हे नेहमीचे मार्ग. चिकटलेल्या कटआऊटमधून बॅटरी उलट डायनॅमोत रिकामी होते आणि वायरी तापून जळू शकतात. इंजिन बंद केल्यावर अँमीटरचा काटा उणे बाजूला पार झुकलेला दिसला, तर बाकी काही तपासण्याआधी बॅटरीचे टोक काढावे.