रजा तीन वर्षांची, पैसे किती महिन्यांचे?

घराघरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक यादी फिरत असते. जर्मनीत बाळंतपणाला तीन वर्षं रजा, इंग्लंडात एक वर्ष, स्वीडनमध्ये सोळा महिने आणि आपल्याकडे फक्त सहा महिने. खाली एखादे जिभाऊ लिहितात, "म्हणूनच पोरं तिकडं जातात." यादीतला एकही आकडा खोटा नसतो. तरीही ती यादी फसवी असते, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात कोंबलेल्या असतात. बाईची नोकरी किती काळ राखून ठेवली जाते, ही एक. त्या काळात हातात पैसे किती, किती दिवस आणि कुणाकडून येतात, ही दुसरी.

जळगावच्या स्टँडवर धुळ्याची एस.टी. लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. रुमालानं जागा राहते, पण तिकीट वेगळं काढावं लागतं. परदेशातल्या रजांचे कायदे वाचताना रुमाल कुठला आणि तिकीट कुठलं, एवढं पाहिलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

जर्मनीत तर या दोन गोष्टींचे कायदेच निराळे आहेत. तीन वर्षांची ती पालक रजा आई आणि बाप दोघांनाही स्वतंत्रपणे मिळते, तेवढ्या काळात मालक कामावरून काढू शकत नाही, पण या रजेला पगार नाही. पैसा येतो 2007 पासून सुरू असलेल्या पालक भत्त्यातून. तो सरकार देतं, हातात येणाऱ्या आधीच्या पगाराच्या साधारण 65 ते 67 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 1,800 युरो. मुदत 12 महिने, आणि दुसऱ्या पालकानंही किमान दोन महिने घेतले तर मिळून 14. भत्ता अर्धा करून दुप्पट काळ पुरवायची सोयही आहे. म्हणजे पूर्ण भत्ता घेतला तर जिभाऊंच्या तीन वर्षांतली जवळपास दोन वर्षं बिनपैशाची! म्युनिकला मोठ्या पगारावर असलेल्या जोडप्याला 1,800 च्या मर्यादेचा चांगलाच चटका बसतो, हे यादीत कधी येत नाही.

इंग्लंडची गोष्ट तशीच, फक्त आकडे लहान. रजा 52 आठवडे, पैसे 39 आठवड्यांचे. त्यातले पहिले सहा आठवडे पगाराच्या 90 टक्के, पुढचे 33 आठवडे सरकारनं ठरवलेली एक ठरावीक रक्कम, जी बऱ्याच शहरांत घरभाड्यालाही पुरत नाही. शेवटचे 13 आठवडे कोरडे. आणखी एक मेख आहे. रजेचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, पण मालकाकडून मिळणाऱ्या पैशाचा हक्क ठरावीक काळ नोकरी झाल्यावरच. नव्या कंपनीत रुजू होताच गोड बातमी कळली, तर जागा राहते, मालकाचे पैसे मात्र हुकू शकतात. मग सरकारी भत्त्याकडे वळावं लागतं.

अमेरिकेत नुसता रुमाल. 1993 च्या कायद्यानं 12 आठवडे नोकरी राखली जाते, तीही 50 किंवा जास्त कामगारांच्या कंपनीत आणि वर्षभर काम झालं असेल तर. त्याला पगार नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी आपापला पगारी रजेचा कायदा केला, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 2020 पासून 12 आठवडे पगारी मिळू लागले, पण सगळ्या देशाला लागू असा पगारी रजेचा कायदा तिथं नाही.

स्वीडननं 1974 मध्येच आईपुरता असलेला विमा आई-बाप दोघांचा केला. तिथले 480 दिवस हे पैशाचे दिवस आहेत, रजेचे नव्हेत. त्यातले 390 दिवस पगाराच्या जवळपास 80 टक्के, तेही एका मर्यादेपर्यंत, उरलेले 90 दिवस अगदी मामुली दरानं. रजेचा हक्क वेगळा लिहिलाय: मूल दीड वर्षाचं होईपर्यंत भत्ता घ्या की घेऊ नका, घरी राहता येतं. शिवाय प्रत्येक पालकाचे 90 दिवस राखीव, ते दुसऱ्याच्या नावावर जात नाहीत. बापानं नाही घेतले तर बुडाले.

हे राखीव दिवस का ठेवावे लागले ते जपानकडे पाहिलं की कळतं. तिथं बापालाही मूल एक वर्षाचं होईपर्यंत रजा आहे, नोकरी विम्यातून पहिले 180 दिवस पगाराच्या 67 टक्के आणि नंतर 50 टक्के पैसेही आहेत. रुमालही आहे, तिकीटही आहे. तरी 2019 मध्ये शंभरातले सात-आठ बापच रजेवर गेले. "बाप घर बठीसन काय करी?" हा प्रश्न अमळनेरात अहिराणीत विचारतात, टोकियोत जपानीत. साहेब आणि सहकारी काय म्हणतील या धाकावर कायद्यानं एका दिवसात उतारा निघत नाही, पण सरकारनं मालकांच्या मागं लकडा लावल्यावर 2023 पर्यंत तो आकडा 30 टक्क्यांवर गेला.

आता आपल्याकडे. 1961 चा प्रसूती लाभ कायदा, 2017 ची दुरुस्ती, आणि नोव्हेंबर 2025 पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, त्यापुढं 12. आणि पगार पूर्ण! 26 आठवडे पूर्ण पगार म्हणजे इंग्लंडच्या 39 आठवड्यांपेक्षा चांगल्या पगाराच्या बाईला जास्तच पैसे. यादीत शेवटी ढकललेला आपला देश पैशाच्या रकान्यात बराच वर सरकतो. बापाच्या रकान्यात मात्र केंद्र सरकारच्या नोकरांचे 15 दिवस सोडले तर खाजगी नोकरीत कायद्यानं काहीच नाही.

माझ्या मते खरी गाठ तिसऱ्याच ठिकाणी आहे: आपल्याकडे तिकिटाचे पैसे मालकाच्या खिशातून जातात. स्वीडन-जर्मनीत विमा किंवा सरकार देतं. इंग्लंडात मालक आधी देतो, पण बहुतेक रक्कम त्याला सरकारकडून परत मिळते, लहान मालकाला तर पूर्ण परत आणि वर थोडं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2000 सालच्या करारातही हा बोजा एकट्या मालकावर टाकू नये असंच आहे. भारतानं तो स्वीकारलेला नाही. मग चोपड्यातला किंवा शहाद्यातला बारा-पंधरा माणसांचा मालक नवविवाहित मुलीची मुलाखत घेताना काय हिशोब करतो, ते सांगायला नको. कायदा दहा किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी लागू, म्हणून कागदावर नऊच माणसं ठेवणारेही असतात.

विनाअनुदानित शाळेतल्या बाईंची तऱ्हा आणखी निराळी, कारण ऑर्डरच 11 महिन्यांची. इथं उलटं घडू शकतं, जागा जाते पण पैसे राहतात. दिल्लीतल्या कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलं की कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूती लाभ संपत नाही. आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल, तर ऑर्डर संपल्याचं कारण सांगून पैसे नाकारता येत नाहीत. संस्थाचालकांना हे ऐकवायचं धाडस करणं ही पुढची पायरी.

आणि यावल-रावेरच्या केळीच्या बागेत किंवा कापसाच्या वेचणीवर जाणारी बाई? तिला ना रुमाल ना तिकीट. किलोवर मजुरी, आज आली नाही तर उद्या दुसरी. तिच्यासाठी अंगणवाडीतून भरायची मातृवंदना योजना: पहिल्या बाळाला 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. जर्मनीत कमाई नसलेल्या आईलाही महिन्याला किमान 300 युरो मिळतात, स्वीडनमध्ये दिवसाला 250 क्रोनर. नोकरी नसली तरी पैसा देता येतो, हे या दोन देशांनी केव्हाच वेगळं काढलंय. सहा महिन्यांवरून भांडणाऱ्या आपल्या चर्चेत वेचणीवाली बाई येतच नाही, याचं मला जास्त वाटतं.

विम्याचा रस्ता आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल, तर तेच 26 आठवडे पूर्ण पगारानं विमा महामंडळ देतं, मालक नाही. कामगाराची कपात 0.75 टक्के, मालकाची 3.25. जळगाव एमआयडीसीत चटई किंवा डाळ मिलमध्ये 15,000 वर असलेल्या मुलीच्या पगारातून महिन्याला साधारण 113 रुपये जातात. पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ आहे का, आणि ठरलेल्या काळात किमान 70 दिवसांची वर्गणी भरली गेली आहे का, हे दिवस राहायच्या आधीच पाहून ठेवायचं. कपात होते पण भरणा होत नाही असं आढळलं, तर तक्रार ईएसआयच्या कार्यालयात करायची, मालकाच्या केबिनमध्ये नाही.