नांग्यांचं पाणी (खेकड्याच्या कालवणातलं)

खेकड्याचे बारीक पाय कच्चेच वाटायचे, पाणी घालायचं, गाळायचं आणि जो राखाडी गढूळ रस खाली उतरतो तो कालवणात ओतायचा, यालाच नांग्यांचं पाणी किंवा नुसतं रस म्हणतात. कोकणात, मुंबई-रायगडच्या आगरी-कोळी घरांत, तसंच घाटावर ओढ्या-शेतातले खेकडे करणाऱ्यांकडेही ही पद्धत आहे. दिसायला अगदी भांडी विसळलेल्या पाण्यासारखं दिसतं, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा माणूस ते सरळ मोरीत ओतून टाकायला निघतो, पण रश्श्याची निम्मी चव त्यातच असते.

आधी शब्दांचा घोळ. खेकड्याला मालवणीत कुर्ली, आगरी-कोळ्यांत चिंबोरी. नांगी म्हणजे खरं तर चिमटा, पण स्वयंपाकघरात सगळ्याच पायांना सर्रास नांग्या म्हणतात आणि पुढच्या दोन जाडजूड चिमट्यांना वेगळं डेंगे म्हणतात. पाय एकूण दहा, त्यातले दोन डेंगे, उरलेले आठ चालायचे. खाडीची काळी चिंबोरी किंवा पाठीवर तीन ठिपके असलेला समुद्राचा खेकडा घेतला तर शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते, पोहायला. डेंग्यांत चांगलं मांस असतं म्हणून ते अख्खेच कालवणात जातात, वरवंट्याने एकदा हलकेच ठेचून, म्हणजे मसाला आत शिरतो आणि ताटात बसून दातांनी फोडायची वेळ येत नाही. बारीक पायांत मात्र मांस काडीएवढंच, ते चोखत बसण्यात अर्धी दुपार जाते, म्हणून कोणीतरी कधीतरी ते वाटायला घेतले असणार.

खेकडा जिवंतच घ्यावा. मेल्यावर त्याचं मांस फार झपाट्याने खराब होतं, मऊ पडतं आणि वास मारतं. घरी आणल्यावर अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये किंवा भरपूर बर्फात ठेवला की तो सुन्न होतो. यात चावा वाचतोच पण अजून एक कारण आहे, खेकडा घाबरला किंवा एकदम गरम पाण्यात पडला तर स्वतःच पाय सोडून देतो, प्रत्येक पायाच्या मुळाशी त्यासाठी एक ठरलेली जागा असते आणि पुढे कात टाकताना तो पाय परत फुटतो. सुन्न खेकड्याचे पाय शांतपणे पिरगळून काढता येतात. नर की मादी ते पोटाकडची झडप बघून कळतं, नराची निमुळती, मादीची रुंद गोल. अमावस्येच्या आसपासचा खेकडा भरलेला आणि पुनवेचा पोकळ असं बाजारात सगळेच सांगतात, मी त्यावर वाद घालत नाही, हातात घेऊन वजन बघतो.

पायांची टोकं कात्रीने उडवायची कारण चिखल तिथेच अडकलेला असतो. मग धुवून, दोन-तीन तुकडे करून मिक्सरमध्ये, चार-पाच मध्यम खेकड्यांच्या पायांना साधारण दीड वाटी पाणी. मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. कवचात कायटिन आणि चुना असतो, एकदम जोरात फिरवलं तर पात्याचा जीव जातो (आमच्या एका मिक्सरचा गेलाय, भांड्यासकट). पाट्यावर किंवा खलबत्त्यात ठेचलं तर रस जास्त चांगला निघतो कारण कवचाचा भुगा होत नाही, नुसतं आतलं पिळलं जातं, पण आता पाटा आहे कोणाकडे. बारीक गाळणीतून एकदा आणि जमलं तर फडक्यातून परत एकदा गाळायचं, आळस केला तर जेवताना दाताखाली कचकच येते आणि घरातले आठवडाभर ऐकवतात.

खरी मेख पुढे आहे. हे पाणी कच्चं आहे म्हणून त्याला किंमत आहे. कच्च्या मांसातलं प्रथिन पाण्यात उतरलेलं असतं, ते तापलं की अंड्यासारखं गोठतं, त्याचे बारीक कण होतात, वर फेस येतो आणि रश्श्याला दाटपणा येतो. त्यामुळे तेलात कांदा-लसूण, मसाला आणि खेकड्याचे तुकडे परतून झाले, तुकडे लालसर झाले की गॅस बारीक करून रस ओतायचा आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. खळखळत्या रश्श्यात भसकन ओतलं तर गुठळ्या होतात, नवखे लोक म्हणतात कालवण फाटलं, फाटलेलं नसतं, चव तीच असते, फक्त दिसायला नासलेल्या दुधासारखं. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, मीठ, दहा-बारा मिनिटं चांगली उकळी, शेवटी कोकम. तुकडे लाल होतात त्याचंही कारण प्रथिनच, पण ते वेगळं, कवचातलं, कवचातला लाल रंग त्याने धरून ठेवलेला असतो, गरम झाल्यावर सुटतो.

भरलेल्या चिंबोऱ्यांत, म्हणजे भाजलेलं बेसन आणि मसाला पाठीत भरून दोऱ्याने बांधतात त्या आगरी-कोळी प्रकारात, काहीजण बेसन याच पाण्यात भिजवतात. माझ्या मते याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच, कारण बेसन सगळा रस पिऊन घेतं.

अमेरिकेतले मराठी लोक नेहमी विचारतात की दुकानात मिळणाऱ्या फ्रोझन पायांचं असं पाणी काढता येईल का. नाही येत. अलास्काकडच्या स्नो क्रॅब किंवा किंग क्रॅबचे पाय आधीच उकडून गोठवलेले असतात, प्रथिन आधीच गोठलंय, वाटून नुसता चोथा आणि खारट पाणी मिळतं. ते पाच-सात मिनिटं वाफवायचे, लोणी लावायचं आणि खायचे. मांस भरपूर असतं, तक्रार नाही. गंमत म्हणजे किंग क्रॅब शास्त्राच्या हिशोबाने खरा खेकडा नाहीच, त्याची शेवटची पायांची जोडी इतकी बारीक असते की कवचाखाली दडून जाते, म्हणून डेंगे धरून आठच पाय दिसतात. आणि बेरिंग समुद्रातल्या स्नो क्रॅबची संख्या इतकी कोसळली की 2022-23 चा अलास्कातला हंगामच रद्द करावा लागला होता.

घाटावर पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन धरलेल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा रस सर्दी-पडशावर देतात, गरमागरम, काळ्या मिऱ्यासकट. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, गोड्या पाण्यातल्या खेकड्यात पॅरागोनिमस नावाचा चपटा कृमी असू शकतो, तो माणसाच्या फुफ्फुसात घर करतो, खोकल्यातून रक्त पडतं आणि बऱ्याचदा टीबी समजून उपचार होतात. मणिपूर, नागालँडकडे असे रुग्ण सापडलेले आहेत. म्हणून कच्चा रस मीठ बघायला म्हणूनही चाखायचा नाही, नीट खळखळून उकळायचा, आणि मिक्सरचं भांडं, गाळणी, फडकं, हात सगळं साबणाने गरम पाण्यात धुवायचं, त्याच सुरीने लगेच काकडी कापायची नाही. ज्यांना खेकड्याने अंगावर पित्त उठतं त्यांनी मात्र उकळून-बिकळून उपयोग नाही, ॲलर्जी करणारं प्रथिन उष्णतेला दाद देत नाही, त्यांनी रसापासूनही लांबच राहायचं.

गाळून उरलेला चोथा टाकायचा नाही, कढीपत्त्याच्या कुंडीत खोल पुरायचा. वरवर टाकलात तर सकाळपर्यंत मांजराने कुंडी उलटी केलेली असते.